बारा वर्षांच्या, अंगाने लहान मुलीसाठी हरणाच्या शिकारीची पहिली रायफल कुठली?

कुडाळची_वॉसॉत | १४ जुलै

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. कुडाळ तालुक्यात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची सिंगल बार होती, माकडं आणि डुकरं हाकलायला. आम्हा मुलांना तिचं दर्शन व्हायचं ते फक्त निवडणूक आली की, आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे तेव्हा. एवढाच माझा अनुभव.

आता राहते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात, वॉसॉजवळ. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. इथे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम सुरू होतो आणि गावाचं सगळं वेळापत्रक त्याभोवती फिरतं, आपल्याकडे गणपतीत फिरतं तसं. सोमवारी लेकीचा वर्ग अर्धा रिकामा असतो. उरलेल्या अर्ध्यात ही बसते आणि घरी येऊन विचारते, "आई, आपण का नाही?"

शेजारचे आजोबा ७१ वर्षांचे. गाई विकल्या, आता दोन एकर जिनसेंग आणि बाकी जंगल. लेक त्यांच्याकडे तीन वर्षं कोंबड्यांना दाणे घालायला जाते, त्यामुळे हा प्रश्न एकदम आकाशातून पडलेला नाही. ते म्हणाले, आधी कोर्स करा, मग बघू. एप्रिलमध्ये आम्ही दोघींनीही हंटर सेफ्टीचा कोर्स केला. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. चार नियम तिला झोपेतही पाठ: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते नक्की माहीत हवं, आणि नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

आता मुद्दा. वय १२, उंची चार फूट आठ इंच, वजन ७८ पौंड, म्हणजे पस्तीस किलो, तेही जेवल्यावर. आजोबांनी त्यांच्या मुलाची जुनी थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल, तिला टेबलावर टेकवून मारायला दिली. पहिली गोळी कागदाला लागली. दुसरी गोळी कागदाच्या दहा फूट अलीकडे मातीत. मी बाजूला उभी होते, तिने ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटलेले मी पाहिले. "मजा आली" म्हणाली, पण तिसरी गोळी भरली नाही. रात्री केस विंचरताना खांद्यापाशी निळा डाग दिसला.

मग दुकानात गेलो. काउंटरमागच्या मुलाने विचारलं कोणासाठी, मी तिच्याकडे बोट दाखवलं, तर त्याने गुलाबी दस्त्याची रायफल पुढे केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कार्ड पर्समध्ये परत टाकलं.

माझे प्रश्न असे. एक, काडतूस कुठलं? दुसरं, लहान मुलांच्या मापाची रायफल घेतली तर दोन वर्षांत लहान होईल ना? शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घ्यायचो, तसं करावं का? आणि तिसरं, पाचशे-सहाशे डॉलरांत हे सगळं बसतं का?

---

टेक्सासचा_देशस्थ | १४ जुलै

ताई, तुमच्या तीन प्रश्नांतला दुसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर ठणठणीत नाही. वाढत्या अंगाचा गणवेश ढगळ दिसतो, इतकंच. वाढत्या अंगाची रायफल पोराला आयुष्यभराची खोड लावते. दोन मुलगे वाढवलेत, थोरल्याच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक केली, माझीच .२७० रायफल त्याच्या हातात दिली. तो आज एकोणीस वर्षांचा आहे, सहा फूट, आणि अजून ट्रिगर ओढताना डोळा मिटतो.

माप असं घ्या. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाच्या रायफलमध्ये साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. लेकीला कोपर काटकोनात दुमडायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या वळणात टेकवा. बोटाचं पहिलं पेर आरामात ट्रिगरवर आलं पाहिजे. तिच्या उंचीला ते बारा, फार तर साडेबारा इंचांवर येईल. आणि हे माप *हिवाळ्याच्या जाकिटात* घ्या. मी टेक्सासात टी-शर्टवर शिकार करतो, तुमच्याकडे नोव्हेंबरात पोरगी गादीच्या गुंडाळीसारखी दिसणार. जाकिटाची जाडी म्हणजे दस्ता तेवढा लांब झाला. जुलैत बरोबर बसलेली रायफल नोव्हेंबरात काखेत अडकते.

दस्ता लांब असला की मूल काय करतं? खांदे मागे टाकून, पोट पुढे काढून, कंबरेत मागे वाकून उभं राहतं. गणपतीची मूर्ती एकट्याने उचलल्यासारखं. त्या अवस्थेत धक्का खांद्यात मुरत नाही, आख्खं पोर मागे ढकललं जातं. तुमच्या लेकीचा निळा डाग निम्मा काडतुसाचा आणि निम्मा दस्त्याचा, माझी पैज.

आता काडतूस. धक्का फूट-पाउंडात मोजतात. आठ पौंडांच्या रायफलमधून थर्टी-ऑट-सिक्स अठरा ते वीस फूट-पाउंड मारते. .२४३ विंचेस्टर साधारण नऊ. म्हणजे निम्म्याहून कमी. ७ एमएम-०८ बारा-तेरा, ६.५ क्रीडमूर त्याच्या जरा खाली. .२४३ आणि ७ एमएम-०८ ही दोन्ही .३०८ या काडतुसाची भावंडं, तेच काडतूस तोंडाशी चिमटून केलेली, पहिलं १९५५ चं, दुसरं १९८० चं. अमेरिकेत कितीतरी पोरांचं पहिलं हरीण .२४३ ने पडलेलं आहे.

एक ग्यानबाची मेख आहे. हे आकडे रायफलच्या वजनावर ठरतात. तेच काडतूस हलक्या रायफलमधून जास्त लागतं. पोरांसाठीच्या रायफली सहा पौंडांच्या असतात, कारण पोरांना त्या उचलायच्या असतात, म्हणून नऊचे अकरा-बारा होतात. माझं मत: लेक मचाणावर किंवा तंबूत बसणार असेल, डोंगर चढणार नसेल, तर वजनाला घाबरू नका. दुर्बीण, पट्टा धरून सात-साडेसात पौंड चालेल.

माझी शिफारस .२४३. पण गोळी नीट निवडा. .२४३ मध्ये कोयोटीसाठीच्या हलक्या गोळ्याही मिळतात, त्या हरणाच्या खांद्यावर फुटून जातात आणि जनावर जखमी पळतं. ९५-१०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हरणासाठीची गोळी, किंवा ८० ग्रेनची अख्ख्या तांब्याची. ७ एमएम-०८ घेतलीत तरी मी नावं ठेवणार नाही. त्यात कमी धक्क्याची काडतुसं मिळतात आणि मोठेपणी पूर्ण ताकदीची वापरता येतात, म्हणजे तुमची वाढत्या अंगाची हौस काडतुसात भागेल.

पैशाचं: रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, मॉसबर्ग पेट्रियटचं यूथ मॉडेल (दस्त्यात काढघाल करायची चकती असते, बाराचा तेरा इंच होतो), सॅव्हेज ॲक्सिस कॉम्पॅक्ट. दुर्बिणीसकट तुमच्या बजेटच्या आसपास. टिक्का कंपनीची आवडली तर पैसे वाढवा, खेद होणार नाही.

---

ओहायोकर | १५ जुलै

आमच्याकडे .२४३ चालतच नाही हो. ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर काडतूस सरळ भिंतीचं पाहिजे, बाटलीच्या गळ्यासारखं निमुळतं नको. २०१४ पासून तेवढी तरी परवानगी आली, त्याआधी पोरांना शॉटगनच्या स्लगने (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) मारावं लागायचं, आणि २० गेजचा स्लगसुद्धा पोराच्या डोळ्यांत पाणी आणतो.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाकडे .३५० लेजंड या काडतुसाची रायफल आहे, नळी मधून मोडून एकच गोळी भरायची सिंगल शॉट. धक्का .२४३ इतकाच वाटतो. दीडशे यार्डांपर्यंत उत्तम, आणि आमच्या मक्याच्या शेतांच्या कडेला त्याच्या पुढे मारायचं कशाला? एकच गोळी असते म्हणून पोरगं विचार करून मारतं. विस्कॉन्सिनात बंधन नाही हे माहीत आहे, पण विचार करायला हरकत नाही.

---

टेक्सासचा_देशस्थ | १५ जुलै

सिंगल शॉटला माझी एकच हरकत: बाहेरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हॅमर. मारायच्या आधी तो अंगठ्याने मागे ओढायचा. थंडीत, हातमोज्यातून, बारा वर्षांच्या अंगठ्याने. आणि हरीण निघून गेलं तर भरलेल्या काडतुसावर तोच घोडा हळूच खाली आणायचा. हा सगळ्यात धोक्याचा क्षण. ओहायोकर, तुमच्या मुलाने किती वेळा सराव केलाय?

---

ओहायोकर | १५ जुलै

डमी काडतूस घालून शंभरेक वेळा. टीव्ही बघताबघता. घोड्याला बाजूने एक छोटी खुंटी लावून मिळते, अंगठ्याला पकड येते. पण मान्य, हा मुद्दा खरा आहे.

---

ऋणानुबंध | १५ जुलै

बारा वर्षांच्या मुलीला हरीण मारायला शिकवायचं आणि त्यावर इतकी चर्चा? आपल्या संस्कृतीत हे बसतं का? भारतात १९७२ च्या कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही.

---

कुडाळची_वॉसॉत | १५ जुलै

ऋणानुबंध, तिथे बंदी आहे ती योग्यच. इथे लांडगे सोडले तर हरणाला मागे लागणारं फारसं कोणी उरलेलं नाही, आणि सगळ्या राज्यात मिळून हरणं काही लाखांत नाहीत, दहा लाखांच्या वर आहेत. गेल्या नोव्हेंबरात हायवे २९ वर एक मादी माझ्या कोरोलाच्या बॉनेटवर आली. पाय मोडलेला, पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं ती रस्त्याच्या कडेला डोकं उचलत होती. लेक मागच्या सीटवर होती. तिला शिकार शिकायचीय त्यात तेही असेल, नसेलही, मी विचारलेलं नाही. आमच्या संस्कृतीचं म्हणाल तर आमच्याकडे सोमवार सोडून सगळे वार माशांचे.

---

आय१४०_वाला | १६ जुलै

रायफलचं मला फार कळत नाही, पण ताई, तुम्ही ग्रीन कार्डवर आहात की एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर? कारण यात आपले लोक फसतात.

नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. विकत घेणं तर पुढचं. मित्राच्या बंदुकीने रेंजवर दोन गोळ्या मारणं हेही त्यातच धरलं जाऊ शकतं. अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर चालतं. म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट पुरत नाही, *परवाना* पाहिजे, आणि तो चालू पाहिजे. विस्कॉन्सिनचे परवाने ३१ मार्चला संपतात. १ एप्रिलला नवा घेतला नाही तर कपाटातली रायफल त्या दिवसापासून तुमच्या गळ्यात.

ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. मुलगी इथे जन्मलेली असेल तर तिलाही नाही. पण १८ वर्षांखालच्या मुलांना दुकानदार रायफल विकू शकत नाही, म्हणजे खरेदीचा फॉर्म तुम्हालाच भरावा लागणार. आईने स्वतःच्या पैशांनी मुलीला भेट म्हणून घेणं कायदेशीर आहे. मात्र फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न स्पष्ट असतो, तिथे खरं ते लिहा आणि परवान्याची प्रत सोबत न्या. आपली ग्रीन कार्डची फाईल दहा-दहा वर्षं रांगेत असते, एका चुकीच्या खुणेने ती पणाला लावू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाकाच.

---

कुडाळची_वॉसॉत | १६ जुलै

बाप रे. एच-१बी वरच आहे, नवराही. लेकीचा जन्म इथला. त्या दिवशी आजोबांच्या अंगणात मी रायफल हातात घेतली नव्हती, नुसती बाजूला उभी होते, पण हे वाचून पोटात गोळा आला. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्मॉल गेमचा, म्हणजे लहान प्राण्यांच्या शिकारीचा परवाना काढला. सशांनी घाबरू नये. वकिलालाही लिहिलंय.

---

करवीर_नेमबाज | १७ जुलै

ताई, मी शिकारीतला नाही. कोल्हापुरात पोरांना पॉइंट टू-टू (.२२, छोट्या काडतुसाची) आणि एअर रायफल शिकवतो. २०२४ ला पॅरिसमध्ये आमच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून रेंजवर तुमच्या लेकीएवढ्याच उंचीची पोरं रांग लावून असतात. म्हणून या वयाचं जरा कळतं.

तुम्ही सगळे खांद्याबद्दल बोलताय. पोरगी खांद्यानं घाबरली नाही, कानानं घाबरली. पोरांचं हे असंच असतं. मोठ्या रायफलचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, एकशेचाळीसलाच कान दुखावतो. कानात बोंडं घाला, त्यावर हेडफोनसारखे मफ घाला, दोन्ही. नुसतं एवढं करून परत मारायला द्या आणि फरक बघा. आणि कोणी दुकानदार म्हणाला नळीच्या तोंडाला ब्रेक लावा, धक्का कमी होतो, तर नको म्हणा. धक्का कमी होतो ते खरं, पण आवाज मागे पोरीच्या कानावर येतो. आखूड नळीचंही तेच.

दुसरं, डोळा मिटायची सवय दोन गोळ्यांत लागली असेल तर ती मोठ्या रायफलनं जाणार नाही. पॉइंट टू-टू घ्या. तीनशे-चारशे गोळ्या उडू देत, स्वस्त असतात. मग तिच्या न कळत मधेच एखादं खोटं काडतूस भरा. टिक् होईल, आवाज नाही. त्या वेळी नळी खाली झुकली की समजायचं पोरगी अजून आवाजाची वाट बघतेय. ती स्वतःच हसेल. पाच-सहा वेळा झालं की नळी हलायची थांबते. घरी रिकाम्या रायफलनं ड्राय फायर, नळीवर एक नाणं ठेवून. नाणं पडलं नाही पाहिजे. काडतुसं मात्र त्या खोलीत नकोत. दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आमच्या स्पर्धेच्या रायफलला मागची पट्टी, गालाचा ठोकळा, सगळं स्क्रूनं मागं-पुढं, वर-खाली होतं. पोराच्या मापाला रायफल आणायला आम्ही अर्धा दिवस घालवतो, मग गोळी. शिकारीच्या रायफलला ते सुख नाही, म्हणून गाल बघा. दुर्बीण उंच बसवलेली असली की लहान पोरगी मान ताणून बघते आणि गाल दस्त्यावरून सुटतो. दुर्बीण जितकी खाली बसेल तितकी बसवा. आणि डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब, नाहीतर धक्क्यानं भुवईवर चंद्रकोर उमटते. भुवई फुटलेलं पोरगं परत रायफलीला हात लावत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात आधी करायचं: तिचा प्रधान डोळा कुठला? दोन्ही हात लांब करून तळव्यांमधे छोटं त्रिकोणी भोक करायचं, त्यातून लांबचं काहीतरी बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू भोकात राहते तो डोळा. हे न बघता रायफल घेतली तर पैसे पाण्यात.

---

कुडाळची_वॉसॉत | १७ जुलै

करवीर_नेमबाज, आत्ता जेवणाच्या टेबलावर केलं. तीनदा. मी खिडकीतून आजोबांचा सायलो बघायला सांगितला.

डावा!

उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, सॉफ्टबॉल उजव्या हाताने फेकते. आता?

---

करवीर_नेमबाज | १७ जुलै

आता डाव्या खांद्यावरून शिकवायचं. वय बारा आहे, पंधरा दिवसांत जमेल. डाव्या डोळ्याला पट्टी लावून उजव्या खांद्याची जबरदस्ती करणारे कोच मी पाहिलेत, टार्गेटवर चालून जातं, जंगलात पहाटेच्या अंधुक उजेडात नाही चालणार.

---

टेक्सासचा_देशस्थ | १८ जुलै

मानलं. मी एवढं पुराण लावलं आणि डोळ्याचं विसरलो.

डाव्या खांद्यावरून मारायचं तर बोल्टचा (काडतूस आत-बाहेर करायचा) दांडा डावीकडे असलेली रायफल लागेल. डावखुऱ्या मिळतात, पण *डावखुरी आणि लहान मापाची* अशी दोन्ही हवी म्हटलं की निवड एकदम आटते. उजव्या बोल्टची रायफल डाव्या खांद्यावरून वापरणारेही आहेत, पण पहिल्याच रायफलीला ती कसरत नको. मग ज्यात डावं-उजवं नाही अशा दोन जाती उरतात. एक, ओहायोकरांची मोडून भरायची सिंगल शॉट (त्यांनी आता कॉलर ताठ करावी). दुसरी, लिव्हर ॲक्शन, ट्रिगरखालची पट्टी ओढून काडतूस भरायची, काउबॉयवाली. नव्या लिव्हर .२४३ मध्येही आहेत, पण किंमत बघून तुम्ही परत पर्स बंद कराल.

तुमच्या भागात थर्टी-थर्टी काडतुसाची जुनी लिव्हर रायफल कोणाच्या तरी कपाटात नक्की असेल. १८९५ चं काडतूस, धक्का दहा-अकरा, आणि तुमच्या तिकडच्या दाट जंगलात शंभर यार्डांच्या पुढे दिसतंय कुठे? आजोबांना विचारा.

---

कुडाळची_वॉसॉत | २ ऑगस्ट

विचारलं. आजोबा काही बोलले नाहीत, आत गेले, आणि दहा मिनिटांनी पलंगाखालची एक लांब पेटी घेऊन आले. मार्लिन ३३६, थर्टी-थर्टी. त्यांच्या बायकोची. त्या जाऊन सहा वर्षं झाली. "ती डावखुरी होती," म्हणाले, "मला आधी सुचलं पाहिजे होतं."

दस्ता मात्र मोठ्या माणसाचा. लेकीच्या कोपरात टेकवला तर बोट ट्रिगरच्या दीड इंच अलीकडे. मी म्हटलं राहू दे, आठवणीची वस्तू आहे, आपण दुसरं काही बघू. तर त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझं जाकीट तिला घालायला लावून दस्त्यावर रेघ मारली. तिचं हिवाळी जाकीट वर माळ्यावर होतं, म्हणून माझं. ऑगस्टमध्ये घामाघूम झालेली पोरगी, आणि ते रेघ मारतायत.

---

टेक्सासचा_देशस्थ | २ ऑगस्ट

ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्लिनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणून टोकदार गोळी चालत नाही, धक्क्याने पुढचं काडतूस आतच उडू शकतं. चपट्या तोंडाची, किंवा मऊ रबरी टोकाची हॉर्नडी कंपनीची असते ती. आणि बाहेरचा घोडा आहेच, माझी जुनी हरकत. रायफल १९८० च्या आधीची असेल तर आडव्या बटणाची सेफ्टीही नसणार, नुसता अर्धा घोडा, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायची खाच.

---

कुडाळची_वॉसॉत | १३ ऑक्टोबर

उशीर झाला लिहायला. ज्यांनी मदत केली त्यांना शेवट सांगितला पाहिजे.

दस्ता गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याने कापला. सव्वा इंच. मागे नवी रबरी गादी बसवली. ओहायोकर म्हणाले ती खुंटी घोड्याला डाव्या बाजूने लावली. सेफ्टीचं बटण नाहीच, टेक्सासचा_देशस्थ, तुमचा अंदाज बरोबर. त्यामुळे ऑगस्टभर आजोबांच्या गोठ्यात रोज संध्याकाळी खोट्या काडतुसावर घोडा वर, घोडा खाली, नळी कायम त्याच मातीच्या ढिगाकडे. मला ते अजून आवडत नाही. नियम असा ठेवलाय की हरीण समोर दिसेपर्यंत काडतूस नळीत जात नाही. आजोबा म्हणाले लिव्हरचा खटका ऐकून हरीण पळेल. मी म्हटलं पळू दे.

पॉइंट टू-टू च्या साडेतीनशे गोळ्या झाल्या. खोट्या काडतुसाची युक्ती तिला दुसऱ्याच दिवशी कळली आणि तिने आजोबांच्याच रायफलीत खोटं काडतूस घातलं. ७१ वर्षांच्या माणसाने डोळा मिटला हो! मी पाहिलं. तेव्हापासून गोठ्यात थट्टा चालते. कानात बोंडं आणि वर मफ घातल्यावर पहिल्या दिवशी थर्टी-थर्टीच्या पाच गोळ्या, पन्नास यार्डांवर कागदी ताटलीत पाचही. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, म्हणजे तिच्या नाकासमोरून. आधी दचकायची, आता मोजते.

गोळी तांब्याची घेतली, चपट्या तोंडाची. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात आणि मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या रक्तातलं शिसं मोजते, तेव्हा यावर चर्चा नको होती. आजोबांनी किंमत बघून डोळे फिरवले. रायफल त्यांच्याच तिजोरीत राहते, आमच्या घरी नाही. वकिलानेही तेच बरं म्हटलं.

या शनिवार-रविवारी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हंगाम होता. शनिवारी पहाटे साडेपाचला दोघं गेले, पोरगी नारिंगी जाकिटात, हातात थर्मास आणि दोन घावणे. मला वाटलं मी झोपेन. नऊपर्यंत ओट्यापाशी उभी होते, खिडकी उघडी ठेवून, एक आवाज ऐकायला. आलाच नाही.

साडेनऊला परत आले. एक मादी आली होती, साठ यार्डांवर, अगदी आडवी उभी. लेकीने लिव्हर ओढली, हरीण पळालं नाही (आजोबांचं चुकलं), लिव्हरबरोबर घोडाही वर आला, तिने नेम धरला. मग तिला मादीच्या मागच्या झुडपात काहीतरी हललेलं दिसलं. दुसरं हरीण की कोणाचा कुत्रा की काय, कळेना. तिने घोडा खाली घेतला. आजोबा म्हणतात, त्यांनी श्वास रोखून बघितलं, अंगठा जरासुद्धा घसरला नाही. मग झुडपातून पिल्लू बाहेर आलं, याच वर्षीचं, आणि दोघं चरत चरत निघून गेली.

मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "हात खूप थंड होते. अजून घावणे आहेत?"

रविवारी पाऊस होता, काही दिसलं नाही. नोव्हेंबरला वेळ आहे. आजोबांनी मचाणाच्या कठड्यावर रायफल टेकवायला जुन्या कांबळ्याची पट्टी ठोकलीय. आणि काही मिळालंच तर आधी तपासणीला पाठवायचं, इथे हरणांत तो झिजत जाण्याचा रोग आहे, रिपोर्ट येईपर्यंत फ्रीजरला हात लावायचा नाही. ऋणानुबंध, रिपोर्ट बरा आला तर मी मालवणी मसाल्यात सुकं करणार आहे, तुम्हाला वास येणार नाही इतक्या लांब आहात.

दस्त्याचा कापलेला सव्वा इंचाचा तुकडा दुरुस्तीवाल्याने कागदात गुंडाळून दिला होता. आजोबांना द्यायला गेले तर म्हणाले, ठेव, पोरगी वाढली की परत चिकटवू. अक्रोडाचं लाकूड आहे, तेल पिऊन काळं झालेलं. सध्या माझ्या लोणच्याच्या बरणीखाली आहे, ओटा सरळ नाही म्हणून.